‘यंग इंडिया’च्या तबकड्या

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा इतिहास सहसा मोठ्या नावांच्या आधारे सांगितला जातो. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, येथून आरंभ करावयाचा आणि कुत्र्याच्या चित्राखाली झळकलेल्या गवयांची नामावळी वाचीत पुढे जावयाचे, अशी रीतच पडली आहे. या रीतीत मुंबईच्या ‘यंग इंडिया’स जागा मिळालीच तर तळटीपेत. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा हा छाप १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे चालला. तबकडीस लागणारी लाख आपल्याच जंगलांतली. परंतु १९०८ पासून कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना चालवीत होती ती विलायती कंपनी. तिच्यासमोर मुंबईच्या या देशी कंपनीने दुकान मांडले. छापाचे नाव वाचताच गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण व्हावी, हेही त्या काळास साजेसेच.

‘यंग इंडिया’ने मुख्यत्वे हौशी व अप्रसिद्ध कलावंतांना गावयास लावले. यात केवळ औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. नामवंतांना बांधून ठेवण्याची ऐपत बड्या कंपन्यांची. लहानास उरलेल्यांतूनच निवड करावी लागते. पण या अडचणीतूनच एक मोलाची गोष्ट घडली. त्या काळी सामान्य मध्यमवर्गीय घरात गाणे कसे गाइले जाई, याचा पुरावा थोरांच्या तबकड्यांत सापडत नाही. तो येथे सापडतो.

येथील सारेच गाणे चांगले आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे. कसलेला गवई तेवढ्यातही राग उभा करी. नवशिका मात्र घड्याळाच्या धाकाने धावत सुटे. आम्ही ऐकलेल्या काही बाजूंत शेवटची ओळ अक्षरशः उरकलेली आहे. तरीही त्या उरकण्यात जो जिवंत कंप आहे, तो पुढे फितीवर पुनःपुन्हा दुरुस्त केलेल्या गाण्यांत आम्हांस क्वचितच आढळला.

संग्राहकांच्या संस्थेतील श्री. सुरेश चांदवणकर यांच्या खटपटीने व ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने या तबकड्यांचे अंकीय जतन झाले आहे. म्हणूनच बंगळूरच्या सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत बसून आम्हांस त्या ऐकता आल्या. परवा हिशेब खात्यातील एक स्नेही ऐकत असता मध्येच म्हणाले, “ही बाई कोण हो?” आम्ही निरुत्तर झालो. आवाज वाचला, पण गाणारीचे गाव, गुरू, पुढील आयुष्य यांतले काहीच त्या गोल कागदावर छापलेले नव्हते. साथीदारांचे तर नावही नाही.

बदलीच्या सामानाबरोबर गावोगाव फिरलेल्या एखाद्या पेटीत वाचकांपैकी कोणाच्या आजीची वा मावशीची अशी तबकडी असेल, तर तिच्याविषयी घरात जे आठवते ते आजच लिहून ठेवावे. आणि तबकडी आडवी न रचता उभी ठेवावी.