पियानोवरचे रान

रानावनात फिरून आलेल्या वादकाने एकट्या पियानोवर रचलेले संगीत अलीकडे पुष्कळ ऐकायला मिळते. शीर्षकात धुके, हिमनदी, वाळवंट. आत दोन-चार स्वरांची संथ आवर्तने आणि झोप यावी इतकी शांतता. शीर्षक झाकून ऐकले तर हिमनदी कोणती आणि वाळवंट कोणते, हे सांगता येत नाही. त्यात रान नसते, रानात जाऊन आलेल्या माणसाचा मूड असतो. आरमोरीत राहणाऱ्याला हे फार लवकर खटकते. वैनगंगेच्या खोऱ्यातले आमचे रान शांत कधीच नसते आणि निर्जनही नसते. मोहफुले वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे पहाटेपासून त्यात असतात.

म्हणून फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ (1908-1992) यांच्या दोन कृतींविषयी लिहितो. पहिली 'कातालोग द्वाझो', म्हणजे पक्ष्यांची सूची. 1956 ते 1958 या काळात एकट्या पियानोसाठी केलेल्या या 13 रचना. प्रत्येकीला एका पक्ष्याचे नाव, आणि त्याच्याभोवती फ्रान्समधला त्याचा मुलूख, शेजारचे पक्षी, दिवसाची वेळ. मेसियाँ वही घेऊन स्वतः त्या त्या ठिकाणी जात आणि ऐकलेले स्वर लिहून घेत.

अडचण वाद्याची होती. पियानोचा स्वर ठरलेला. मींड नाही, श्रुती नाही. झाडीपट्टीच्या नाटकातल्या पेटीचीही तीच मर्यादा आहे. शिवाय पक्षी गातो फार वेगात आणि फार वरच्या पट्टीत. मेसियाँनी लय कमी केली, सप्तक खाली आणले, बारीक अंतरे अर्ध्या स्वरापर्यंत ताणली आणि कंठाचा पोत यावा म्हणून एकेका स्वराला गुंतागुंतीचे स्वरपुंज जोडले. ऐकायला हे गोड लागत नाही. पहिल्यांदा तर कोणी पट्ट्यांवर हात आपटतो आहे असेच वाटते. पण बोरूच्या बेटातल्या वटवट्यावरची सातवी रचना पुरी ऐकावी. सुमारे अर्ध्या तासाची ही रचना मध्यरात्री सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीनला संपते. तळ्याकाठचे 27 तास. त्यात बेडूक आहेत, सूर्योदय आहे, भर दुपारचा कंटाळाही आहे. शेवटच्या रचनेत ब्रिटनीच्या किनाऱ्यावर रात्र आणि धुके उतरते, आणि दीपगृहाचा भोंगा वाजतो. माणूस इथे भोंग्याच्या रूपाने येतो. मला हा या सूचीतला सर्वांत खरा क्षण वाटतो.

मेसियाँचा एक धागा आपल्याकडेही पोचतो. खुलताबादला जाताना दौलताबादचा किल्ला लागतो. तिथे, म्हणजे जुन्या देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातले 120 देशी ताल मेसियाँनी आयुष्यभर वापरले. मात्र ते त्यांनी कोणा वादकाकडून घेतले नाहीत. एका फ्रेंच संगीतकोशातल्या यादीवरून उचलले. पक्षी ऐकायला जो माणूस चिखलात उभा राहिला, त्याने आपले ताल कागदावरून घ्यावेत, ही गंमतच.

दुसरी कृती 'दऱ्यांकडून ताऱ्यांकडे'. 1972 मध्ये मेसियाँ अमेरिकेतल्या युटाहच्या लाल दऱ्यांत फिरले, आणि 1974 मध्ये ही बारा भागांची रचना न्यूयॉर्कला प्रथम वाजली. ती वाद्यवृंदाची आहे, पण चौथा आणि नववा भाग एकट्या पियानोचा. नवव्यात मॉकिंगबर्ड आहे, इतरांच्या नकला करणारा. आमच्या रानातल्या लांब शेपटीच्या भृंगराजासारखा. नकल्याची नक्कल करताना पियानो इतका खुलतो की त्याच्या साऱ्या मर्यादा विसराव्यात. चौथ्याबद्दल मात्र तक्रार आहे. त्यातला पक्षी आफ्रिकेतला. युटाहमध्ये तो सापडत नाही. सूचीत जी शिस्त होती ती इथे सैल झाली. दऱ्या ईश्वराच्या भव्यतेचे निमित्त झाल्या आणि पत्ता गौण ठरला. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पायूट लोकांचे नाव बारांपैकी एकाही शीर्षकात नाही. आठव्या शीर्षकात एक तारा आहे, अल्देबरान. नाव अरबी, अद्-दबरान, म्हणजे मागून येणारा, कृत्तिकांच्या मागून. आपली रोहिणी तीच.

मेसियाँना दोष देताना आपल्या घरातही पाहावे. मी उर्दू शिकवतो. आमच्या गझलेत दश्त आहे, सहरा आहे, वीराना आहे. पण तो कुठला हे कोणी विचारत नाही, कारण तो मजनूच्या मनाचा. बुलबुल तर प्रत्येक दीवानात. तो इराणी काव्यातून आलेला. तिकडचा बुलबुल म्हणजे नाइटिंगेल. आपल्या कुंपणावर बसणारा, शेपटीखाली लाल ठिपका असलेला बुलबुल हा निराळाच पक्षी. सालीम अलींचे पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 मध्ये निघाले. तरी शायरांचा बुलबुल बदलला नाही. पियानोवरच्या धुक्याला हसण्याआधी हेही मोजायला हवे.

अकराव्या भागात मेसियाँनी हवाई बेटांतले पक्षी घेतले आहेत, आणि त्यांत शामा आहे. तो मूळचा तिथला नव्हे; विसाव्या शतकात माणसाने आशियातून नेऊन तिथे सोडला. आपल्याकडे तो बांबूच्या दाट रानात गातो, आणि फार सुंदर गातो. वर्गात फळ्यावर शीन, अलिफ, मीम, अलिफ असे लिहिले, तर माझी मुले म्हणतील, सर, शमा-परवान्यातली शमा अशी लिहीत नाहीत.