नोंदीतली कोरी जागा

आपली पोरं स्वतःच्या घराण्याचा इतिहास लिहायला लागलीत, ही मोठी गोष्ट आहे. ठाकुर्लीत, आता बंद पडलेल्या चोळा पॉवर हाऊसच्या आसपास वाढलेल्या आम्हाला आजा कुठल्या गावचा एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. पण हे लेखन वाचताना एक खोट मला सारखी खटकते. हाताला लागलेला कागद आपण पुरावा म्हणून ठेवून देतो. तो किती बोलतो आणि कुठं गप्प बसतो, हे सांगतच नाही.

कुणी लिहितो, 'आजोबांचा जन्म 1 जून. आधार, शाळेचा दाखला.' दोस्तांनो, निम्मी वस्ती 1 जूनलाच जन्मली काय? शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि तारीख ठोकून द्यायचे. तो दाखला शाळेत नाव घातल्याचा पुरावा आहे, जन्माच्या दिवसाचा नव्हे.

दुसरा प्रकार कोरेगावचा. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं जयस्तंभावर आहेत. त्यात 'नाक' लागलेली 22. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला तिथं गेले. तो दगड आपल्या सगळ्यांचा आहे. पण त्यावरचं एक नाव उचलून 'हा आमचा मूळपुरुष' म्हणायचं, तर मधल्या पिढ्या कुठायत? कंपनी सरकारनं स्तंभ उभारला तो आपल्या पलटणीचा पराक्रम सांगायला. तुमची-माझी वंशावळ लिहायला नाही.

उलटी चूकही तेवढीच वाईट. कागदात सापडलं नाही, म्हणजे नव्हतंच! साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला दाखल झालेला मुलगा 'भिवा' आहे. तिथं 'भीमराव' शोधणारा हात हलवत परत येईल. बाबासाहेबांचं हे, तर आपल्या आजीचं काय? तिचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं.

हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. जातपडताळणीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीची नोंद मागतात, तेव्हा अपुऱ्या कागदाचा चटका आपल्यालाच बसतो. कोऱ्या जागेचा अर्थ कुणी 'नाही' असा लावला की आपण भांडतो. बरोबरच आहे. मग तीच जागा अभिमानानं भरून टाकायचा हक्क आपल्याला कुठून आला? एक जोड उघडी पडली की विरोधक आपलं खरंही खोट्यात काढतो.

म्हणून आधार देताना सरळ लिहा. रजिस्टर कुठलं, भरलं कुणी, कशासाठी, कुठली पानं फाटलीत. आजीनं सांगितलेलं आजीच्या नावावर टाका. स्वतःचा अंदाज असेल तर 'माझा अंदाज' म्हणा. आणि जिथं काहीच नाही तिथं जागा कोरी ठेवा. आपल्या माणसांची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नाही, हे त्या जागेवरूनही कळतं.