उन्हाळ्याची दहा गाणी : एईची ओताकी यांचा 'अ लाँग व्हेकेशन'

चाहत्याने समीक्षा लिहू नये, असा एक संकेत आहे. तो मोडूनच सुरुवात करतो. 21 मार्च 1981 रोजी तोक्योत प्रसिद्ध झालेला 'अ लाँग व्हेकेशन' हा अल्बम मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याच्याविषयी तटस्थ राहणे मला जमणार नाही. मला जपानी येत नाही. गाण्यांचा अर्थ अनुवादांतून कळला, आणि तोही प्रेमात पडून बराच काळ लोटल्यावर. आधी कानावर पडले ते ऊन.

ओताकी यांचा जन्म 1948चा, उत्तर जपानमधल्या इवाते प्रांतातला. हारुओमी होसोनो, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरू सुझुकी यांच्याबरोबरचा त्यांचा 'हॅपी एंड' हा गट जपानी रॉकच्या इतिहासात मोलाचा मानला जातो. रॉक इंग्रजीतच गावे की जपानीत, असा वाद तेव्हा तिथे रंगला होता. या चौघांनी जपानीत गाऊनच उत्तर दिले. गट फुटल्यावर ओताकींनी स्वतःचे लेबल काढले आणि त्याला नाव दिले 'नायगारा', कारण ओताकी म्हणजे मोठा धबधबा. या विनोदी स्वभावाच्या माणसाचे सत्तरच्या दशकातले रेकॉर्ड मात्र फारसे खपले नाहीत.

म्हणून या अल्बममध्ये त्यांनी सारे पणाला लावले. आदर्श होता अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर याचा : अनेक पियानो, अनेक गिटार, तालवाद्यांचा ताफा, सगळे एकाच खोलीत आणि एकाच वेळी वाजवायचे. एकेक वाद्य वेगळे ओळखू येत नाही, आवाजाची एक भिंत उभी राहते. पहिले गाणे 'किमि वा तेन्नेन्शोकु' सुरू होते ते वाद्ये जुळवण्याच्या आवाजाने. मैफलीत तंबोरे जुळताना ऐकत बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही जागा चटकन आपलीशी वाटते. मग काठीचे ठोके पडतात आणि भिंत अंगावर येते. या क्षणी ज्याचा पाय हलत नाही त्याच्याशी माझे फार जमेल असे वाटत नाही.

'तेन्नेन्शोकु' म्हणजे नैसर्गिक रंग. रंगीत चित्रपट नवे होते तेव्हा त्यांच्या जाहिरातीत हा शब्द असे, आपल्याकडे पोस्टरवर 'संपूर्ण रंगीत' छापत तसा. अशा जुन्या, भाबड्या शब्दाने प्रेयसीला संबोधायचे, ही कल्पना गीतकार मात्सुमोतो यांची. तिच्यामागची हकिगत कळली आणि माझे ऐकणे बदलले.

अल्बम खरे तर 1980च्या उन्हाळ्यात यायचा होता. त्याच वर्षी मात्सुमोतो यांची लहानपणापासून हृदयविकाराने त्रस्त असलेली धाकटी बहीण वारली. त्यांना शब्द सुचेनात. दुसरा गीतकार बघ, असे त्यांनी ओताकींना सांगितले. ओताकींनी अल्बम पुढे ढकलला आणि थांबले. त्या दिवसांत शिबुयाच्या रस्त्यांतून चालताना सगळे शहर काळेपांढरे दिसत होते, असे मात्सुमोतो यांनी पुढे सांगितले आहे. आठवणींना रंग दे, अशी विनवणी करणारे गाणे त्यातून आले.

इथे दोन चुका संभवतात. एक, या अल्बमला नुसते समुद्रकिनाऱ्याचे गोड संगीत समजणे. अलीकडे जगभर 'सिटी पॉप' या शिक्क्याखाली तो असाच, पाठीमागे लावून ठेवला जातो. दुसरी चूक आपल्या समीक्षेला अधिक मोहात पाडणारी आहे : दुःख सापडले की कलाकृती एकदम 'खोल' ठरवायची आणि आनंदाला मुखवटा म्हणून बाजूला सारायचे. मला ती जास्त खटकते. ओताकींची चाल शोकगीताची नाही, आणि शब्द हाती आल्यावरही त्यांनी ती उदास केली नाही. 'कोई सुरु कारेन'मध्ये नायक भिंतीशी उभा राहून तिला दुसऱ्याबरोबर नाचताना पाहतो, आणि नेमकी तीच चाल सगळ्यांत भव्य, तंतुवाद्यांनी ओसंडणारी आहे. हरलेल्या माणसाला इतके थाटाचे संगीत देण्यात औदार्य आहे.

हिरोशी नागाई यांचे मुखपृष्ठही पाहावे : निळे पाणी, ताडाची झाडे, लख्ख ऊन. माणूस एकही नाही.

सगळेच जमले आहे असे नाही. दहांपैकी एकाच गाण्याचे शब्द ओताकींचे स्वतःचे आहेत. निरर्थक अक्षरांच्या खेळावर चालणारे ते गाणे मी कधीकधी गाळतो. 'फन फोर'मधली थट्टाही जरा लांबते. पण लागोपाठ 'आमे नो वेन्झुदे' ऐकावे. पावसातला बुधवार, समुद्राकाठची गाडी, आणि ओताकींचा तो मऊ आवाज, जो कधीच रडत नाही.

ओताकी 2013च्या डिसेंबरात गेले. अल्बममधले शेवटचे गाणे 'साराबा शिबेरिया तेत्सुदो', म्हणजे सायबेरियन रेल्वेला निरोप. नऊ उन्हाळी गाण्यांनंतर अचानक बर्फ आणि धावती आगगाडी. ती दूर जाते, सुई उचलली जाते. मी बहुधा रेकॉर्ड उलटतो, आणि पुन्हा पियानो जुळू लागतो.