क्षमेचा अधिकार कोणाचा?

ईश्वर न्यायी आहे आणि तो दयाळूहि आहे, हीं दोन वाक्यें आपण लहानपणापासून इतक्या वेळां एका दमांत ऐकतों कीं, त्यांत कांहीं विरोध असूं शकेल अशी शंकाच सहसा मनांत येत नाहीं. न्याय म्हणजे ज्याचें त्याला देणें. क्षमा म्हणजे देय असलेला दंड सोडून देणें. एकाच सिंहासनावरून हीं दोन्ही कामें कशीं व्हावींत? अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा धर्माध्यक्ष अन्सेल्म यानें हा प्रश्न निर्भयपणें मांडला. नुसत्या दयेनें पाप माफ झालें, तर पापी आणि निष्पाप हे ईश्वरापुढें सारखेच ठरतील, असें त्याचें म्हणणें. त्यानें काढलेलें उत्तर ख्रिस्ताच्या बलिदानाशीं निगडित असल्यामुळें तें जसेंच्या तसें आपल्या उपयोगीं पडत नाहीं. प्रश्न मात्र आपलाहि आहे. किंबहुना कर्मसिद्धान्त मानणाऱ्यास तो अधिकच जाचावा. केलेलें कर्म भोगल्यावांचून सुटत नाहीं असें पूर्वरंगांत सांगावयाचें, आणि एका नामोच्चारानें जन्माचें पाप जळाल्याचें उत्तररंगांत रंगवावयाचें, हें आपल्या कीर्तनांत एकाच रात्रीं घडतें.

या विरोधाशीं उघड सामना भागवताच्या सहाव्या स्कंधांतील अजामिळाख्यानांत झाला आहे. कान्यकुब्ज नगरीचा हा ब्राह्मण एका दासीच्या नादीं लागून कुलीन, तरुण पत्नीचा आणि वृद्ध आईबापांचा त्याग करतो, चोरी व लबाडी करून संसार चालवितो, आणि अठ्ठ्यायशीव्या वर्षीं मृत्यु समोर दिसतांच आपल्या दहा मुलांपैकीं सर्वांत धाकट्याला हाक मारतो. त्या मुलाचें नांव नारायण. तेवढ्यानें विष्णुदूत धांवून येतात व यमदूतांचे पाश तोडतात. येथपर्यंत ही भोळी कथा आहे. परंतु भागवतकार एवढ्यावर थांबत नाहींत. ते दोन्ही पक्षांत वाद घडवितात. धर्म म्हणजे काय, दंड कोणास, पुरावा कशाचा, असे न्यायासनाला शोभणारे मुद्दे तेथें निघतात. यमदूत साक्षीदारांची यादीच देतात : सूर्य, अग्नि, वायु, चंद्र, दिवस, रात्र, दिशा, जल, पृथ्वी, काल. एवढी मोठी यादी. पण जिला टाकून दिलें ती स्त्री त्यांत नाहीं!

माझ्या मतें या आख्यानाचें वैगुण्य नेमकें येथें आहे. कोणी म्हणेल, कथेचा हेतु नाममाहात्म्य सांगण्याचा आहे, कायदा सांगण्याचा नाहीं. मान्य, पण न्यायसभा एकदां भरविल्यावर तिच्या नियमांनीं पाहणें वाचकास भाग आहे. दूत निघून गेल्यावर अजामिळाला खरा पश्चात्ताप होतो, आणि त्यांत त्याला त्या पत्नीची व निराधार आईबापांची आठवणहि होते. हा भाग आपल्याकडे पुष्कळदां घाईनें उरकला जातो. वास्तविक सबंध आख्यानांत इतका सच्चा भाग दुसरा नाहीं. पण ही आठवण झाल्यावर तो जातो कोठें? गंगाद्वारीं, तप करावयास. जिचा अपराध केला तिचें पुढें काय झालें, हें विचारण्यास कोणी जात नाहीं. ईश्वर आणि पापी या दोघांतच व्यवहार मिटतो, आणि तिसरें माणूस बाहेर उभें राहतें.

नवव्या स्कंधांत त्याच भागवताची भूमिका निराळी दिसते. अंबरीष राजावर कृत्या सोडणाऱ्या दुर्वासाच्या मागें सुदर्शन लागतें. ब्रह्मदेव आणि शंकर हात झाडतात; प्रत्यक्ष विष्णूहि आपण भक्तांच्या अधीन आहों असें सांगून त्याला परत अंबरीषाकडेच धाडतो. चक्र विष्णूचें, पण तें शांत करण्याचा अधिकार अंबरीषाचा. इतका धीट विचार करणाऱ्या ग्रंथानें अजामिळाच्या पत्नीस विसरावें, याचें आश्चर्य वाटतें.

मराठींत या विचारानें मूळ धरलें तें इंद्रायणीच्या कांठीं. महिपतींनीं ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) यांत तुकोबांचीं चरित्रें सांगितलीं आहेत. तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं केलेली ही रचना आहे, व तींतील चमत्कारांची सत्यासत्यता येथें प्रस्तुत नाहीं. समाजानें कोणती कथा मनाशीं धरली, एवढेंच पाहावयाचें आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. पुढें अनगडशहा फकिराच्या स्थानीं रामेश्वरभट्टांनीं स्नान केलें आणि त्याच्या शापानें त्यांच्या सर्वांगाचा दाह होऊं लागला. विद्वान् ब्राह्मणाला दंड व्हावा तो मुसलमान फकिराच्या तोंडून, ही योजना महिपतींच्या वाचकांनीं निमूटपणें मान्य केली, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. भट्टजी आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशीं अनुष्ठानास बसले. तेथें दाह शमावयास हरकत कोणती होती? स्थान पवित्र, दैवत समर्थ. पण स्वप्नांत आज्ञा झाली ती तुकोबांना शरण जाण्याची. आळंदीहून निरोप देहूस गेला आणि तेथून उत्तरादाखल अभंग आल्यावर दाह थांबला. त्या अभंगांत क्षमा केल्याची भाषा नाहीं. मन निर्मळ झालें कीं बाहेरचें वैर उरत नाहीं, असा त्याचा भाव आहे.

येथें न्यायहि लोपला नाहीं, क्षमाहि खोटी पडली नाहीं. दंड वरून आला. सूट मात्र वरून आली नाहीं. ती ज्याचें नुकसान झालें त्याच्या हातून आली, आणि ईश्वरानें ती मानली. अन्सेल्मची अडचण या कथेला जाणवत नाहीं, कारण अपराध्याला निष्पापाच्या पंक्तीला आयतें बसविलेलें नाहीं. त्याला देहूचा रस्ता धरावा लागला. आज देवळांतून म्हटली जाणारी तुकोबांची आरती याच रामेश्वरभट्टांच्या नांवाची आहे.

तथापि या विचारासहि एक अवघड जागा आहे. तुकोबा हयात होते. ज्याचा अपराध झाला तोच उरला नाहीं, तर अपराध्यानें जावें कोणाकडे? ज्या उरवडे गांवीं बसून मी हें लिहीत आहें, तेथील एका रासायनिक कारखान्यास ७ जून २०२१ रोजीं आग लागली आणि पंधरांहून अधिक कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कोणाचा दोष किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, आणि त्याविषयीं मला कांहींच म्हणावयाचें नाहीं. परंतु अशा प्रसंगीं ‘झालें गेलें विसरा, देवाची इच्छा’ असें समाधान करणारे लोक असतातच. त्यांना मला विचारावेंसें वाटतें कीं, ही क्षमा तुम्ही कोणाच्या वतीनें करीत आहां? आईवांचून राहिलेला मुलगा आपल्या दुःखापुरती क्षमा करूं शकेल, आणि करील तर तो मोठाच. पण आईच्या प्राणांची क्षमा त्याच्याहि हातांत नाहीं. तें येणें तसेंच उभें राहतें. ईश्वरी न्यायाला कांहीं अर्थ असेल तर तो मला येथें दिसतो : जें माफ करण्यास कोणी उरलें नाहीं, तें त्याच्या वहींत खोडलें जात नाहीं.

तुकोबांना हा हिशेब चांगला कळत होता, असें त्यांच्या चरित्रांतील आणखी एका प्रसंगावरून वाटतें. दुष्काळानें घर बसल्यावर वडिलार्जित सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविण्याचें त्यांनीं ठरविलें. ऋणको गांजलेले होते. सगळींच खतें बुडविलीं असतीं तर कथा अधिक उदात्त झाली असती, आणि एखाद्या कादंबरीकारानें तसेंच केलें असतें. पण परंपरा सांगते ती गोष्ट निराळी आहे. तुकोबांनीं आधीं धाकट्या भावाशीं वांटणी केली, अर्धीं खतें त्याला दिलीं, आणि आपल्या वांट्याचीं तेवढीं नदींत टाकलीं. कान्होबाचीं खतें कान्होबाच्या हातांत राहिलीं.