‘इरेनियन’ आणि ‘इराणी’ : अर्थव्याप्ती व उपयोजनाची चिकित्सा

प्रास्ताविक :
पदवीच्या वर्गात अनुवादाचा सराव चालू असताना एका विद्यार्थ्याने ‘इरेनियन भाषा’ या इंग्रजी पदाचे ‘इराणमधील भाषा’ असे भाषांतर केले आणि पश्तो ही अफगाणांची भाषा थेट इराणात जाऊन बसली. चूक विद्यार्थ्याची कमी, ‘इरेनियन म्हणजे इराणी’ या सोप्या समीकरणाची अधिक होती. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातील विद्यार्थ्यांची इंग्रजीशी ओळख बव्हंशी अशा समीकरणांतूनच होते. म्हणून प्रस्तुत लेखात या समीकरणाची तपासणी केली आहे.

इंग्रजीतील अर्थ :
इंग्रजीत ‘इरेनियन’ हा शब्द प्रामुख्याने दोन अर्थांनी येतो. पहिला अर्थ राष्ट्रीयत्वाचा. 1935 मध्ये रेझा शाह यांच्या राजवटीने परकीय सरकारांना ‘पर्शिया’ऐवजी ‘इराण’ हे नाव वापरण्यास सांगितले. तेव्हापासून राज्यव्यवहारात हा अर्थ रूढ झाला. दुसरा अर्थ भाषाशास्त्रीय. फारसी, कुर्दी, बलुची, पश्तो, ओसेटिक या भाषा ‘इरेनियन’ शाखेच्या होत. उलटपक्षी, इराणमधील अझेरी नागरिकांची मातृभाषा तुर्की कुळातील आहे. म्हणजेच प्रत्येक इरेनियन नागरिक इरेनियन शाखेची भाषा बोलतो असे नाही आणि ती शाखा इराणच्या सीमेत मावतही नाही.

मराठीतील उपयोजन :
मराठीची परंपरा याहून वेगळी आहे. भाषेला आपण ‘फारसी’ म्हणतो. माधवराव पटवर्धनांचा 1925 चा कोशही ‘फारसी-मराठी’ आहे. जमीन, बाग, हंगाम, बाजार हे आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द फारसीतून आले. त्यांना कोणी ‘इराणी’ म्हणत नाही.

‘इराणी’ हा शब्द मराठीत देशाइतकाच इथल्या माणसांचा आहे. शतकांपूर्वी गुजरातेत आलेले ते पारशी. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत यझ्द, केरमान भागांतून आलेले झरतुष्ट्री ते इराणी. चहाची इराणी हॉटेले त्यांनी चालविली, तशीच इराणहून आलेल्या मुसलमानांनीही चालविली. 1886 मध्ये पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांनी 1931 मध्ये ‘आलम आरा’ आणि 1933 मध्ये ‘दुख्तर-ए-लोर’ हा फारसी बोलपट मुंबईत तयार केला. त्यांचे आडनाव इंग्रजीत ‘इराणी’च राहते, ते ‘इरेनियन’ केल्यास भारतीय निर्माता परदेशी ठरेल. क्रिकेटमधील इराणी करंडकाचेही तसेच. भारतीय इंग्रजीने देशासाठी ‘इरेनियन’ आणि इथल्या समाजासाठी ‘इराणी’ असा जो भेद जपला आहे, तो मराठीत एकाच शब्दाखाली लोपतो.

वृत्तपत्रीय भाषेचा प्रश्न :
हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. सोनसाखळी चोरीच्या बातमीत ‘इराणी टोळी’ असा मथळा सर्रास येतो. त्याचा रोख बहुधा आंबिवलीसारख्या ठिकाणच्या इराणी वस्त्यांकडे असतो. तेथे जन्मलेला, शाळेत जाणारा मुलगा या एका विशेषणाने परकाही ठरतो आणि संशयितही. इंग्रजी वृत्तपत्रेही या दोषापासून मुक्त नाहीत. परंतु मराठीत देश, आडनाव, हॉटेल आणि टोळी यांना एकच शब्द असल्याने त्याचा डाग दूरवर पसरतो. गुन्हा व्यक्तीचा असतो. विशेषण मात्र समाजाला चिकटते.

निष्कर्ष :
थोडक्यात, राष्ट्रीयत्वासाठी ‘इराणचा’, भाषेसाठी ‘फारसी’, भाषाशास्त्रात ‘इराणी शाखा’ आणि इथल्या लोकांसाठी ‘इराणी समाज’ असा विवेक अध्यापनात व कोशरचनेत पाळता येईल. गुन्ह्याच्या बातमीत समाजवाचक विशेषण गाळल्यास वृत्ताचे काही बिघडत नाही. अनुवाद शिकविणाऱ्या अध्यापकाने शब्दाचा प्रतिशब्द सांगून थांबू नये; तो कोणाला लागू होतो, हेही विद्यार्थ्याला विचारावयास शिकवावे.