दाराशी उभे असलेले मूल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात अॅबिलीन नावाचे शहर आहे. तेथील पत्रकार ब्रायन बेथेल यांनी आपला एक अनुभव लिहून प्रसृत केला आणि त्यातून ‘काळ्या डोळ्यांची मुले’ ही आधुनिक दंतकथा जन्मास आली, असे सामान्यतः मानले जाते. प्रसंग 1996 सालचा सांगितला जातो. रात्रीची वेळ होती. चित्रपटगृहाच्या पाटीच्या उजेडात, मोटारीत बसून बेथेल धनादेश लिहीत होते. दोन मुलगे खिडकीशी आले. चित्रपट पाहावयाचा आहे, पैसे घरी राहिले, तेव्हा घरापर्यंत न्यावे, एवढीच त्यांची विनंती. बेथेल यांना मात्र अकारण भय वाटू लागले. मग त्यांना दिसले की, मुलांचे डोळे संपूर्ण काळे आहेत. पांढरा भाग मुळीच नाही. आपण परवानगी दिल्याखेरीज आम्हांला आत येता येत नाही, असे मुलाने सांगताच ते मोटार घेऊन निघून गेले.

पुढे ही कथा अनेकांच्या तोंडी फिरली आणि पुष्कळदा मोटारीच्या जागी घराचे दार आले. 2012 साली या विषयावर चित्रपट निघाला. 2014 साली इंग्लंडमधील ‘डेली स्टार’ या वृत्तपत्राने स्टॅफर्डशायरमधील अशा मुलांच्या बातम्या एकाच आठवड्यात तीनदा पहिल्या पानावर छापल्या. अशी कथा आपल्या तरुणांच्या कानी पडली तर नवल नाही. आणि सैतानाच्या अस्तित्वाचा ताजा पुरावा म्हणून ती उपदेशात वापरण्याचा मोह एखाद्या पाळकास वा धर्मशिक्षकास होणे अशक्य नाही. म्हणून तिचे परीक्षण करणे अगत्याचे आहे.

कथा म्हणून तिचे गुण मान्य केले पाहिजेत. धनादेश, पाटीचा उजेड, चित्रपटाची वेळ हे तपशील इतके साधे आहेत की, ऐकणारा सहज विश्वास ठेवतो. परवानगीचा धागा मात्र जुना आहे. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतही रक्तपिपासू पिशाच्चास निमंत्रणावाचून घरात शिरता येत नाही. कथेस सांगणाऱ्याच्या शब्दापलीकडे आधार नाही. यास्तव बेथेल यांस असत्यवादी ठरविण्याचे कारण नाही. परंतु भय खरे असले म्हणजे भयाचे कारणही खरे असते, असे नव्हे.

कथेचा खरा दोष याहून खोल आहे. भय आधी येते आणि डोळे मागाहून दिसतात, हा क्रम ध्यानात घ्यावा. रात्री परके मूल मदत मागते, आपणांस ती द्यावीशी वाटत नाही आणि मन टोचू लागते. अशा वेळी मूल मूलच नव्हते असे ठरले की, नकार हा दोष न राहता शहाणपण ठरतो. ही कथा श्रोत्यास घाबरविते आणि त्याच वेळी त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीस दिलासाही देते. तिच्या लोकप्रियतेचे एक कारण येथे असावे.

पवित्र शास्त्राचा कल याच्या नेमका उलट आहे. जो बालकाचा स्वीकार करतो तो आपलाच स्वीकार करतो, असे प्रभू सांगतो (मत्तय 18:5). परक्यांचे आतिथ्य करताना काहींनी नकळत देवदूतांचे आतिथ्य केले, याची आठवण इब्री लोकांस पत्रात दिली आहे (13:2). आणि दाराशी उभा राहून ठोठावणारा, आतून उघडेपर्यंत थांबणारा, हे प्रकटीकरणात (3:20) खुद्द ख्रिस्ताचे चित्र आहे. मग परवानगीसाठी थांबणे हेच दुष्टाचे लक्षण कसे मानावे?

यावर कोणी म्हणेल की, भूतग्रस्त मुलगा शुभवर्तमानातही आहे. होय, आहे. परंतु मार्काच्या नवव्या अध्यायात येशू आत्म्यास धमकावितो, मुलास नव्हे. त्याच्या दुखण्याची चौकशी बापाजवळ करितो आणि अखेर मुलाचा हात धरून त्यास उठवितो. मूल आणि त्यास छळणारी शक्ती यांतील हा भेद दंतकथेने पुसून टाकिला आहे. तेथे मूल हेच दुष्ट, आणि त्यावर उपाय पळणे.

हा भेद पुसला गेला की काय होते, हे मंडळीच्या इतिहासातच दिसते. डेसाऊ येथे पाहिलेले एक बारा वर्षांचे मूल हे आत्माहीन मांसपिंड आहे, त्यास नदीत बुडवावे, असे मत खुद्द मार्टिन लूथर यांनी व्यक्त केल्याचे त्यांच्या भोजनप्रसंगीच्या संभाषणांत नोंदलेले आहे. इतका थोर शास्त्रज्ञानीही लोकसमजुतीच्या आहारी गेला. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडन येथे आठ वर्षांची एक मुलगी घरच्या छळाने मरण पावली. तिच्या देहावर 128 जखमा व व्रण आढळले. तिला प्रार्थनेस नेण्यात आले तेथील पाळकांनी तिच्या अवस्थेचे मूळ दुरात्म्यात पाहिले. 2003 साली प्रसिद्ध झालेला लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल प्रत्येक पाळकाने वाचावा असा आहे. त्या मुलीस धर्मसेवक भेटले, पण तिला मूल म्हणून पाहणारी दृष्टी त्यांना लाभली नाही.

तेव्हा अशी कथा घेऊन कोणी आला तर त्याची थट्टा करू नये, आणि कथेस दुजोराही देऊ नये. त्याच्या भयाची विचारपूस करावी, त्याच्यासह प्रार्थना करावी. परंतु प्रत्यक्ष एखाद्या मुलाविषयी ‘यात काहीतरी शिरले आहे’ असे कोणी सांगितले, तर आधी त्या मुलाजवळ बसावे. ते जेवले काय, झोपले काय, त्याच्या अंगावर वळ आहेत काय, हे पाहावे. वैद्यास बोलवावे, आणि जरूर तर पोलिसांस कळवावे. आपल्या दाराशी येणाऱ्या मुलांत काळ्या डोळ्यांची कोणी असतील असे वाटत नाही. भुकेली, मारलेली आणि घाबरलेली मात्र खात्रीने असतील.