जवळजवळ बसणारा बिट

फोक्सवॅगन, ऑडी किंवा स्कोडाच्या एखाद्या इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर उतरवा आणि आत टॉर्च मारा. खोल खळग्यात हेडचे बोल्ट बसलेले दिसतील: गोल डोकं, आणि डोक्याच्या पोटात टोकंच टोकं असलेलं एक भोक. घाईतला माणूस म्हणतो, ‘स्टार आहे, टॉर्क्स लाव.’ बिट आत जातो, थोडा हलतो, पण बसल्यासारखा वाटतो. घात होतो तो इथे.

ते भोक टॉर्क्सचं नाही. पुष्कळदा ते ट्रिपल स्क्वेअर असतं, ज्याला एक्सझेडएन म्हणतात. त्याची रचना कागदावर काढून पाहण्यासारखी आहे. एकाच केंद्रावर तीन चौरस ठेवायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा ३० अंश फिरवून. बाहेर येतात बारा टोकं, आणि प्रत्येक टोक चौरसाचंच, म्हणजे ९० अंशांचं. बिटाची बाजू भिंतीला बऱ्यापैकी सरळ भिडते, जोर बारा जागी वाटला जातो, आणि एवढा जोर पेलायला डोकं मोठं करावं लागत नाही. बाहेरून पकडायचा षटकोनी बोल्ट असता तर त्याच्याभोवती गोटीच्या, म्हणजे सॉकेटच्या, भिंतीपुरती तरी जागा सोडावी लागली असती. कॅमशाफ्ट आणि पोर्ट यांच्या गर्दीत ती जागा आणायची कुठून? डिझायनरनं अडचणीतून काढलेली ही वाट मला फार देखणी वाटते. मेकॅनिकला छळण्यासाठी जर्मनांनी हे केलं, हा गॅरेजमधला आवडता आरोप मला पटत नाही.

दोष द्यायचाच तर बारा या आकड्याला द्यावा. बाराला सहानं नि:शेष भाग जातो. म्हणून सहा पाकळ्यांचा टॉर्क्स एकाआड एक टोकात शिरतो, आणि अंदाजानं निवडलेली एलन कीसुद्धा आत जाते. बारापैकी सहाच जागी टेकायचं, तेही नुसत्या कडांनी. बोल्ट सैल असेल तर एवढ्यावर निभतं. पण वर्षानुवर्षं ताणून बसलेला हेड बोल्ट पहिल्या झटक्याला हलत नाही. हलतात त्या भोकातल्या कडा. टॉमीला दुसरा हिसका दिला की आत गुळगुळीत गोल भोक उरतं. अजिबात न बसणारा बिट कुणी लावत नाही, त्यामुळे त्याच्याकडून नुकसानही होत नाही. नुकसान करतो तो जवळजवळ बसणारा. त्यातही मौज म्हणजे याच घराण्यातल्या काही इंजिनांत हेडचे बोल्ट पॉलिड्राइव्हचे असतात. ते दिसायला जवळचे, बिट मात्र निराळा. खळग्यातल्या तेलकट अंधारात डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

म्हणून जाणता माणूस आधी भोक साफ करतो. टोकदार सुईनं काजळी उकरायची, हवा मारायची, मगच बिट लावायचा. तळाशी दोन मिलिमीटर कचरा राहिला तर योग्य बिटही अर्धवट बसतो आणि टोकांच्या वरच्या कडा तासून निघतात. बिट ठेवून वर हातोडीची हलकी टिचकी मारली की तळाला टेकल्याचा आवाज वेगळा येतो. मग एक्स्टेन्शन बोल्टच्या रेषेत सरळ धरायचं आणि लांब बारनं, हिसका न देता, जोर वाढवत न्यायचा. सुरुवात बाहेरच्या बोल्टांपासून, शेवट मधल्यांवर. कसताना नेमकं उलट.

टॉर्क्सचीही कुणी हेटाळणी करू नये. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉननं तो आणला. षटकोनी भोकात एलन की फिरवताना जोराचा बराच भाग भिंत बाहेर ढकलण्यात वाया जातो, आणि टॉर्क्सच्या पाकळ्यांनी तो वाया जाणारा भाग कमी केला. त्याचंच उलटं रूप म्हणजे ई-टॉर्क्स: इथे पाकळ्या बोल्टच्या डोक्यावर आणि पोकळी गोटीत. त्यावर बारा टोकांची साधी गोटी ठोकून बसवणारे भेटतात. पुन्हा तेच, एकाआड एक.

जपानी कार्ब्युरेटरांवरचे चौफुलीचे स्क्रू हे असंच एक वेशांतर. दिसतात फिलिप्स, असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. फिलिप्सचा ड्रायव्हर खाचेच्या बाजूंना नीट भिडण्याआधीच तळाला टेकतो आणि जोर लावला की वर उसळतो. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. केवढी सौजन्याची खूण! आणि ती बघण्याचे कष्ट किती थोडे घेतात. मापांचंही तेच. अँबॅसिडरच्या जुन्या बीएमसी वळणाच्या इंजिनावर इंचातले नट होते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १२-१३ चा पाना सर्रास चालायचा. ०.३ मिमीच्या त्या फटीनं किती नटांची डोकी गोल केली असतील!

डोकं गेल्यावरची कारागिरी मात्र आपल्याकडे अव्वल आहे. गुळगुळीत झालेल्या एलनच्या भोकात किंचित मोठा टॉर्क्स बिट ठोकून बसवणं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून त्याच उष्णतेनं आटे सैल करणं, हे पाहताना दाद द्यावीशी वाटते. तरी ही दाद शस्त्रक्रियेची. निदान आधीच चुकलेलं असतं.

आणि एवढ्या निगुतीनं, बाराही टोकं शाबूत ठेवून काढलेल्या हेड बोल्टचं पुढे काय होतं? तो परत वापरत नाहीत. १.९ टीडीआय डिझेलमध्ये नवे बोल्ट आधी ४० न्यूटन-मीटर, मग ६०, त्यानंतर ९० अंश आणि पुन्हा ९० अंश असे कसतात. या शेवटच्या फिरवण्यात बोल्ट कायमचा लांबतो. जुने भंगारात. हुशार मिस्त्री त्यातले दोन वाचवतो, करवतीनं त्यांची डोकी छाटतो, वर स्क्रू ड्रायव्हरसाठी एक सरळ खाच पाडतो आणि ब्लॉकच्या दोन टोकांना हातानं फिरवून उभे करतो. त्यांच्या आधारानं जड हेड गॅस्केटला धक्का न लावता खाली उतरतं, आणि मग ते दोघे साध्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं बाहेर येतात.